आधी लिहा, मग तपासा: 'मला आधीच कळलं होतं' या वाक्याची परीक्षा



"डॉक्टर, मला आधीच कळलं होतं." हे वाक्य ओपीडीत वेगवेगळ्या रूपांत ऐकायला मिळतं. "बीपी मोजायची गरजच नाही, वाढलं की माझं मला कळतं." "शुगर आज चढली असणार, जिभेवरूनच समजतं." आणि घरात एखादा मृत्यू झाला असेल, तर अगदी हळू आवाजात: "आदल्या रात्री मला वाईट स्वप्न पडलं होतं, पण मी कोणाला बोललो नाही."

ही वाक्यं खोटी नसतात. बोलणाऱ्याला तसं मनापासून वाटलेलं असतं. पण 'वाटणं' आणि 'कळणं' यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखायचा असेल तर एकच गोष्ट कामाला येते. ती म्हणजे पडताळा, म्हणजेच फीडबॅक. आपला अंदाज बरोबर आला की चुकला, हे नंतर कळणं. पुढे काय होणार याची आगाऊ चाहूल माणसाला लागते का, यावर जगात गेली नव्वदेक वर्षं प्रयोग होत आहेत. त्या प्रयोगांतला सगळ्यात अवघड मुद्दा हाच राहिला आहे: निकाल कोणाला सांगायचा, कधी सांगायचा आणि किती सांगायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पूर्ण फीडबॅक माणसाला शहाणं करतो. अजिबात फीडबॅक नसेल तर माणूस निदान 'माहीत नाही' म्हणू शकतो. पण अर्धवट फीडबॅक सगळ्यात धोकादायक, कारण तो चुकीची खात्री देतो. आणि तब्येतीच्या बाबतीत चुकीची खात्री महागात पडते.

अर्धवट फीडबॅक म्हणजे काय?

भाजीत मीठ किती घालायचं हे आपण कसं शिकलो? घातलं, चाखलं, कमी-जास्त झालं ते लगेच कळलं. खारट झाल्याचंही कळलं आणि अळणी झाल्याचंही कळलं. हा पूर्ण फीडबॅक.

आता स्वप्नांचं पाहा. एखाद्या नातेवाइकाचं काही बरंवाईट झाल्याचं स्वप्न पडलं आणि दुसऱ्या दिवशी ते घर सुखरूप असलं, तर दुपारपर्यंत आपण ते स्वप्न विसरलेलो असतो. पण एखाद्या वेळी ते खरं निघालं, तर आयुष्यभर विसरत नाही. जुळलेलं जमा होतं, न जुळलेलं गळून जातं. वहीत फक्त जमेची बाजू लिहिली आणि खर्च लिहिलाच नाही, तर कुठलाही धंदा नफ्यातच दिसेल.

थोडा हिशेब करू. आपल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साधारण साडेएकोणीस लाख. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर साधारण ११,७०० मृत्यू होतात. प्रत्येकाचे पाच अगदी जवळचे लोक धरा. त्यातल्या प्रत्येकाला, त्या माणसाच्या मृत्यूचं स्वप्न दहा वर्षांत फक्त एकदा पडतं असं समजा. दहा वर्षांत ३,६५० रात्री असतात. मग नेमक्या आदल्या रात्रीच ते स्वप्न पडण्याचा योग, कुठलीही दिव्य शक्ती न धरता, एकट्या जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण १६ वेळा येईल. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे धरून पाहा. पण मुद्दा बदलत नाही. ज्या १६ घरांत हे घडेल, त्यांच्यासाठी तो चमत्कारच असेल. बाकीच्यांची स्वप्नं कोणी मोजणार नाही.

याहून कडवट उदाहरण 'मुलगा होण्याच्या औषधा'चं. असं औषध देणारा कोणीही असो, साधारण निम्म्या घरांत मुलगा होणारच. ती घरं पेढे घेऊन येतात. ज्यांच्याकडे मुलगी होते ती माणसं परत येत नाहीत, किंवा "पथ्य पाळलं नसेल" असं ऐकून घेऊन गप्प बसतात. 'मुलगी झाल्यास पैसे परत' म्हटलं तरी निम्मे पैसे खिशात राहतातच! देणाऱ्यापर्यंत फक्त पेढे पोचतात, म्हणून कधीकधी त्याचा स्वतःचाही आपल्या औषधावर खरोखर विश्वास बसलेला असतो. तो लबाडच असेल असं नाही. त्याचा फीडबॅक लंगडा आहे.

आणि हो, हा नियम आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे. साधा व्हायरल ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी जो डॉक्टर औषध देईल, त्याच्या हाताला गुण! ज्याला बरं वाटलं नाही तो दुसरीकडे जातो, आणि पहिल्या डॉक्टरला ते कळतही नाही. म्हणूनच औषध खरंच लागू पडतं का, हे डॉक्टरांच्या अनुभवावर सोडत नाहीत. त्यासाठी मोजून-मापून चाचण्या घ्याव्या लागतात.

पत्त्यांच्या खेळातली गोम

आता प्रयोगशाळेत जाऊ. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात पत्ते ओळखण्याचे प्रयोग केले. २५ पत्ते, त्यांवर पाच प्रकारची चिन्हं: वर्तुळ, अधिकचं चिन्ह, लाटा, चौकोन आणि तारा. प्रत्येक चिन्हाचे पाच पत्ते. पुढचा पत्ता कोणता, ते न बघता सांगायचं. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात.

पण प्रत्येक वेळी "बरोबर, वर्तुळच होतं" किंवा "चूक, तारा होता" असं सांगत गेलं तर? मग खेळाडू हिशेब ठेवू शकतो. पाचही वर्तुळं येऊन गेली असतील तर तो पुन्हा वर्तुळ म्हणणार नाही. शेवटचा पत्ता तर खात्रीनेच सांगेल. असा नीट हिशेब ठेवून खेळणाऱ्याचे सरासरी ८.६५ पत्ते बरोबर येतात, हे गणिताने काढलेलं आहे. पाचाचे साडेआठ झाले, आणि यात अतींद्रिय काहीही नाही. स्मरणशक्ती आहे, एवढंच. खेळाडूने मुद्दाम मोजलं पाहिजे असंही नाही. मन आपल्या नकळतही थोडाफार हिशेब ठेवतं, आणि माणसाला वाटतं की 'आतून आवाज आला'.

म्हणजे फीडबॅक दिल्याने शिकता येतं हे खरं. पण काय शिकलं गेलं, भविष्य ओळखायला की पत्ते मोजायला, हेच कळेनासं होतं.

'निकाल दाखवलाच पाहिजे' असं म्हणणारे

या क्षेत्रातल्या काही संशोधकांचा मुद्दा याच्या बरोबर उलटा आहे. ते म्हणतात, भविष्याची चाहूल म्हणजे पुढे आपल्यालाच जो अनुभव येणार आहे, त्याची आगाऊ झुळूक. मग अंदाज सांगितल्यावर खरं उत्तर त्या माणसाला दाखवलंच नाही, तर झुळूक येणार कुठून? म्हणून त्यांच्या मते फीडबॅक ही नुसती गुण देण्याची सोय नाही. ज्याची चाहूल लागते ते फीडबॅकच!

कल्पना मोठी चतुर आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये एका नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकात नऊ प्रयोग छापले. हजाराहून जास्त लोक त्यांत सहभागी होते. पहिल्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर दोन पडदे दिसायचे आणि त्यातल्या एकामागे चित्र असायचं. माणसाने पडदा निवडल्यावर मगच संगणक चित्राची जागा ठरवायचा आणि निकाल दाखवायचा. म्हणजे इथे पत्ते मोजण्याची पळवाट बंद केली होती. कामुक चित्रांच्या वेळी ५३.१ टक्के अंदाज बरोबर आले, असा त्यांचा दावा होता. नुसत्या योगायोगाने ५० टक्के यायला हवे होते.

जगभर चर्चा झाली, आणि मग विज्ञानात जे व्हायला हवं ते झालं. इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बेम यांचा शब्द आठवण्याचा प्रयोग तीन ठिकाणी करून पाहिला, काही सापडलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ३,२८९ लोकांवर सात प्रयोग केले, काही सापडलं नाही. पुढे या विद्येवर विश्वास असणारे आणि नसणारे असे दोन्ही बाजूंचे संशोधक एकत्र बसले. नियम आधी ठरवून जाहीर केले आणि पडद्यांचाच प्रयोग अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत केला. २०२३ मध्ये निकाल छापून आला: ३७,८३६ अंदाज, त्यातले बरोबर ४९.८९ टक्के. अगदी नाणं उडवल्यासारखे!

लक्षात घ्या, यात फीडबॅक होताच. निवड केल्यावर प्रत्येकाला निकाल दाखवला जात होता. 'निकाल दाखवला नाही म्हणून चाहूल लागली नाही' ही सबब इथे चालत नाही.

पुण्यातली परीक्षा

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक परीक्षा झाली आहे, आणि ती प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शाळेत हुशार ठरलेली १०० मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, अशा २०० मुलांच्या पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांनी पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातलं, एवढंच सांगायचं होतं.

प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. डोळे मिटून सांगितलं तरी ४० पैकी २० बरोबर येतील. विद्या आहे असं म्हणायला २८ बरोबर यायला हवे होते. सगळ्यांत जास्त गुण कोणाला? एकाला २४. दोघांना २२. उरलेल्या २४ जणांना २० किंवा त्याहून कमी. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर आल्या. म्हणजे ५१ टक्के. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय विज्ञान नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

२४ म्हणजे चांगलेच की, असं तुम्हाला वाटेल. पण २७ माणसांना प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवायला सांगितलं, तरी त्यांतल्या तिघा-चौघांचे २४ किंवा जास्त येणं अपेक्षित असतं.

आता फीडबॅकच्या नजरेने पाहा. ज्योतिषासमोर रोज माणूस बसलेला असतो. तो मान हलवतो, डोळे विस्फारतो, "अगदी बरोबर बोललात" म्हणतो. ज्योतिषाला मिळणारा फीडबॅक हा समोरच्याच्या समाधानाचा असतो, निकालाचा नसतो. पुण्याच्या चाचणीत समोर माणूसच नव्हता, फक्त पत्रिका होती. उत्तरं कुलपात होती. समाधानाचा फीडबॅक काढून घेतला आणि मागे नाणं उरलं.

आपल्या गावातला दाखला

हे सगळं शहरी किंवा परदेशी वाटत असेल, तर बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राची आठवण करून देतो. तुरीचा 'बीडीएन ७११' हा वाण याच केंद्रातला. यातलं 'बीडीएन' म्हणजे आपलं बदनापूर! नवा वाण चांगला आहे हे कसं ठरवतात? नवा आणि जुना वाण शेजारी-शेजारी पेरतात. कुठल्या तुकड्यात काय पेरायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच वाट्याला जात नाही. तेच पुन्हा तीन-चार तुकड्यांत करतात. आणि काढणीनंतर प्रत्येक तुकड्याचं वजन करतात, पिकलेल्याचंही आणि मर लागून गेलेल्याचंही. "पीक डौलदार दिसतंय" यावर वाण ठरत नाही. काट्यावर ठरतो.

तुरीला आपण जो न्याय लावतो, तोच आपल्या बीपीला का लावू नये?

घरच्या घरी परीक्षा

ज्यांना "बीपी वाढलं की मला कळतं" असं वाटतं, त्यांनी २० दिवस हा प्रयोग करून पाहा. घरात बीपीचं डिजिटल मशीन आणि मदतीला एक माणूस हवा.

१. रोज ठरलेल्या एकाच वेळी करा. फक्त 'वाढल्यासारखं वाटतं' त्याच दिवशी केलं तर तो अर्धवट फीडबॅक झाला.

२. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको.

३. मोजण्यापूर्वी कागदावर अंदाज लिहा: वरचा आकडा १३५ च्या वर की खाली? एकदा लिहिलं की खाडाखोड नाही.

४. आकडा तुम्ही बघू नका. तो घरातल्या माणसाने बघून वेगळ्या वहीत लिहायचा. हे कशासाठी? काल १५० आलं हे कळलं, की आज तुम्ही 'वर' असंच लिहिणार. म्हणजे तुम्ही शरीराचं ऐकत नाही, पत्ते मोजताय!

५. विसाव्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि तुमचे गुण मोजा.

६. आता दगडाशी शर्यत लावा. समजा २० पैकी १४ दिवस बीपी १३५ च्या वर होतं. मग रोज डोळे मिटून 'वर' म्हणणाऱ्या दगडालाही १४ गुण मिळाले असते. तुमचे गुण दगडापेक्षा बऱ्यापैकी जास्त असतील, तरच तुम्हाला काही कळतं असं म्हणता येईल.

दोन अटी आहेत. या २० दिवसांत गोळ्या नेहमीसारख्याच घ्यायच्या. आणि आकडा १८०/११० किंवा त्याहून जास्त आला, तर घरच्यांनी प्रयोग थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं.

बहुतेक लोक दगडाशी बरोबरी करतील असा माझा अंदाज आहे. (हाही अंदाजच, तपासून पाहा!) कारण वाढलेल्या बीपीला बहुधा लक्षणंच नसतात. म्हणूनच "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करणं इतकं घातक ठरतं. बरं वाटत असतानाच मेंदूच्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्या झिजत असतात, आणि अशा प्रकरणात पहिला फीडबॅक थेट लकव्याचा मिळू शकतो.

जिथे थांबून तपासत बसायचं नाही

याचा अर्थ शरीराचं ऐकूच नका, असा नाही. छातीत दाब, घाम, दम आणि त्याबरोबर "आता माझं काही खरं नाही" असं अचानक वाटणं, हे डॉक्टर गंभीरपणे घेतात. हार्ट अटॅकमध्ये किंवा तीव्र ॲलर्जीमध्ये असं वाटू शकतं. ही भविष्याची चाहूल नाही, शरीरात आत्ता घडत असलेल्या गोष्टीची खबर आहे. तिथे वही काढू नका, १०८ ला फोन करा.

तसंच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना थरथर, घाम, कडकडून भूक किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर लगेच शुगर तपासा. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता साखर खा. आणि जुना डायबेटिस असलेल्यांनी लक्षात ठेवा: शुगर कमी झाल्याची ही सूचना वर्षांनुवर्षं गेल्यावर बोथट होत जाते. 'मला कळतंच' हा भरवसा तिथे सगळ्यात कमी ठेवायचा.

ज्यांना स्वप्न पडलं होतं, त्यांच्यासाठी

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. घरातलं माणूस गेल्यावर "मला आधीच वाटत होतं, मी त्यांना जाऊ द्यायला नको होतं" असं म्हणत वर्षानुवर्षं कुढणारे लोक मी पाहतो. त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: असं तुम्हाला याआधी किती वेळा वाटलं होतं आणि काहीच झालं नव्हतं, ते आठवा. आठवणार नाही, कारण न घडलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. तुम्हाला जे वाटलं ती काळजी होती. काळजी आपण माणसावर जीव असल्यामुळे करतो. त्या काळजीला नंतर निकाल जोडला गेला आणि ती 'आधीच कळलेली गोष्ट' झाली. त्या रात्री तुमच्या हातात कुठलीही माहिती नव्हती. म्हणून तुमचा गुन्हाही नाही.

अशा विचारांनी झोप उडाली असेल, किंवा सतत काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहत असेल, तर तो उपचाराने बरा होणारा त्रास आहे. जवळच्या डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकी सगळ्यांनी घरात एक वही आणि एक पेन ठेवा. अंदाज बांधायला काहीच हरकत नाही. फक्त आधी लिहा, मग तपासा. आणि चुकलेलंही लिहा.